हिवाळ्यात ज्वारी कुठून येते?

"अबे, पाच-पाच वर्षं हिवाळा चालते म्हन्ते तिकडं. मंग हे लोकं खातेत काय? जवारी कुठून येते याईची?"

हा प्रश्न शनिवारच्या पॅसेंजरमध्ये, कुरूम आणि मानाच्या मधे कुठंतरी विचारला गेला. आम्ही पाच जण तेव्हा अमरावतीत शिकत होतो आणि शनिवारी बडनेऱ्याहून गाडी पकडून घरी जायचो. दोघं मूर्तिजापूरला उतरायचे. मी, बाळापूरचा एक मित्र आणि अकोटजवळच्या खेड्यातली एक मैत्रीण अकोल्यापर्यंत. आमच्यात जॉर्ज मार्टिनच्या 'अ गेम ऑफ थ्रोन्स'ची एकच प्रत होती. पाठीवर चिकटपट्टी लावलेली, पानांना चहाचे डाग पडलेली. मालिका सगळ्यांनीच थोडीफार पाहिली होती, पण पुस्तक वाचणाऱ्याचा भाव जास्त असायचा.

त्या दिवशी वाद चालला होता तो नेड स्टार्कवर. नेड हा उत्तरेचा सरदार, सच्चा माणूस, आणि पहिल्या पुस्तकातच त्याचं डोकं उडवलं जातं. मूर्तिजापूरचे दोघं म्हणत होते की तो बावळट होता. शत्रूला आपला डाव आधीच सांगतो, तो मरणारच. मी म्हणत होतो की त्याला लहान लेकरं मारली जायला नको होती, म्हणून त्यानं सांगितलं, आणि यालाच माणूसपण म्हणतात. हा वाद अर्धा तास रंगला. अकोटवाली खिडकीशी बसून पुस्तक चाळत होती. मधेच तिनं वर पाहिलं आणि ज्वारीचा प्रश्न टाकला.

आम्ही हसलो. ती हसली नाही.

तिच्या वडिलांची पाच एकर कोरडवाहू. कपाशी, तूर, सोयाबीन. तिच्या आजीच्या लहानपणी गावात पेवं होती. जमिनीत खोल खड्डा, आतून लिंपलेला, त्यात ज्वारी भरून तोंड बंद करायचं. आजी सांगायची की पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसते, आतला वायू माणूस मारते. मैत्रिणीचं म्हणणं एवढंच होतं की आमच्या गावात एका वर्षाचं धान्य ठेवायला इतका उपद्व्याप होता, तर पाच वर्षांचं कुठं ठेवतात, कोण मोजतं, कोण राखण करतं, आणि चौथ्या वर्षी कुणाच्या घरातलं आधी संपतं?

पुढचे दोन आठवडे आम्ही तेच पुस्तक परत वाचलं, फक्त धान्यासाठी. आणि उत्तरं सापडायला लागली. पिकाचा काही भाग हिवाळ्यासाठी बाजूला काढायची तिथं रीत आहे. नेडच्या किल्ल्याखाली गरम पाण्याचे झरे आहेत आणि त्यांच्या ऊबेवर काचेच्या घरांत भाजीपाला होतो. किल्ल्याबाहेर एक अख्खं गाव आहे, ते थंडीतच भरतं, कारण रानातली माणसं तेव्हा राजाच्या भिंतीच्या आसऱ्याला येतात. पुढच्या खंडांत गेलो तर आणखी दिसलं. पाच राजे सिंहासनासाठी भांडतात आणि ऐन सुगीच्या दिवसांत नदीकाठची उभी पिकं जाळतात. टायरेल नावाचं घराणं आहे, त्यांचं चिन्ह गुलाब. आम्ही त्यांना तोवर भारी कपडे घालणारी गोड माणसं समजत होतो. पण ते वाट अडवतात तेव्हा राजधानी उपाशी मरते आणि त्यांचे गाडे येतात तेव्हा लोक त्यांच्या नावाचा जयजयकार करतात.

"खुर्चीवर कोनी का बसेना," ती म्हणाली, "ज्याच्या घरात दाना, तो राजा."

साहित्य या विषयावर मी बरीच व्याख्यानं ऐकली आहेत. पॅसेंजरमधलं हे वाक्य त्या सगळ्यांपेक्षा मला जास्त शिकवून गेलं.

आता दुसरा प्रसंग. अकोल्यात एका महाविद्यालयात लेखन कार्यशाळा होती. अकोटवालीनं तिथं एक कथा वाचली, खरं तर कथेची सुरुवातच. एक प्रदेश आहे, तिथं उन्हाळा पाच वर्षं चालतो. नद्या नाहीत, त्यांची फक्त नावं उरलीत, आणि प्रत्येक नदीचं नाव एका घराण्याच्या मालकीचं आहे. नाव उच्चारायचं असेल तर त्या घराण्याला कर द्यावा लागतो. पात्रं वऱ्हाडी बोलतात. राणीसुद्धा.

व्यासपीठावरच्या ज्येष्ठ साहित्यिकांनी चष्मा काढला आणि मायेनंच विचारलं, "बेटा, तुझ्याभोवती एवढं जळतं वास्तव आहे. तुझे वडील शेतकरी आहेत. ते सोडून तू हे परीकथेतलं कशाला लिहितेस? हे पाश्चात्त्यांचं फॅड आहे. आपल्या मातीतलं लिही." टाळ्या पडल्या. ती बसली. मी शेजारी होतो आणि काही बोललो नाही. तिनं ती कथा पुढं लिहिली नाही.

तेव्हा बोलायला हवं होतं ते आता बोलतो.

पहिली गोष्ट. पाच वर्षांचा उन्हाळा हे अकोल्याच्या पोरीला कुणी पश्चिमेतून पाठवलेलं नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, दुपारी बारा ते पाच रस्ते ओस पडतात, नळाला किती दिवसांनी पाणी येईल यावर घरातल्या अंघोळी ठरतात. तिनं तेच घेतलं आणि ताणलं. फॅन्टसी हेच करते. आहे ती गोष्ट इतकी ताणते की सवयीनं दिसेनाशी झालेली दिसायला लागते. नदीच्या नावावर कर, ही कल्पना ऐकून ज्यांना परी आठवली त्यांनी कथा ऐकलीच नव्हती.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. 'तुझ्याभोवती जळतं वास्तव आहे' हे वाक्य पुण्यातल्या मुलीला कुणी म्हणत नाही. तिनं प्रेमावर लिहावं, विनोदी लिहावं, मंगळावर लिहावं. वऱ्हाडातल्या पोरानं मात्र कपाशी, कर्ज आणि फास लिहावा. वर्षानुवर्षं आमच्या वाट्याला मराठी साहित्यात हीच भूमिका आली आहे. दिवाळी अंकाला विदर्भातली कथा हवी असते म्हणजे काय हवं असतं, ते आम्हाला न सांगता कळतं.

१८५३ च्या तहानं निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं. कारण काय, तर निजामाच्या नावानं उभ्या केलेल्या फौजेचा पगार थकला होता. कागदोपत्री प्रदेशाचं नाव पडलं 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स'. असाइन्ड, म्हणजे नेमून दिलेला. १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर तो कायमचा पट्ट्यानं दिला गेला. १९३६ पासून निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' अशी पदवी मिळाली, पण त्या राजपुत्राची वऱ्हाडावर सत्ता नव्हती. फौजेच्या उधारीपोटी गहाण पडलेला मुलूख आणि मुलखाविना पदवी. हे मार्टिननं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, काय डोकं आहे! आमच्या आजोबा-पणजोबांनी ते जगून काढलं. मला वाटतं, प्रदेश नेमून द्यायची ती सवय गेली, पण विषय नेमून द्यायची राहिली.

वास्तववादाशी माझं भांडण नाही. उद्धव शेळक्यांची 'धग' १९६० ची. तिच्यातली कौतिक आणि तिची वऱ्हाडी वाचताना आजही गळा दाटतो. पण 'धग' मोठी आहे ती शेळक्यांनी एका बाईचं जगणं आतून, तपशिलानं उभं केलं म्हणून. ती दुःखी आहे म्हणून नव्हे. तपशील घ्यायचा सोडून आपण फक्त दुःख उचललं आणि त्याला माती म्हणू लागलो.

तिसरी गोष्ट, 'पाश्चात्त्यांचं फॅड'. लक्ष्मण मोरेश्वर हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, नारो सदाशिव रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. मराठी कादंबरी रांगत होती तेव्हाच ती अद्भुताच्या रानात फिरत होती. पुढं समीक्षेनं या पुस्तकांना बालपणीचा आजार ठरवलं आणि वास्तववाद म्हणजे वयात येणं, असा हिशेब मांडला. मग १९७५ मध्ये जी. ए. कुलकर्णींचा 'रमलखुणा' आला. त्यातली 'इस्किलार' कोणत्या तालुक्यात घडते, हे कुणी विचारलं नाही. जीएंना चालतं आणि अकोटच्या पोरीला चालत नाही, तर अडचण फॅन्टसीची नसून पोरीची आहे.

आणि आम्ही चाहते जे करतो, म्हणजे नकाशे तपासणं, घराण्यांच्या वंशावळी लावणं, अमुक पात्र अमुक दिवशी तिथं पोचूच कसं शकतं यावर रात्र घालवणं, यालाही लोक पोरखेळ म्हणतात. त्यांना मी अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला न्यायला तयार आहे.

महानुभावांचं रिद्धपूर. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी माणसामाणसाकडून गोळा करून 'लीळाचरित्र' रचलं. ती मूळ पोथी पुढं परचक्राच्या धामधुमीत हरवली. मग ज्यांना जे पाठ होतं त्यावरून ती पुन्हा उभी करण्यात आली, आणि त्यात हिराइसा या बाईच्या स्मरणशक्तीचा मोठा वाटा होता. आठवणी जुळेनात तिथं काय केलं? एकाचा पाठ खरा धरून दुसऱ्याचा फेकला नाही. वेगवेगळे पाठ नावानिशी नोंदवले. त्यांना 'वासना' म्हणतात. स्वामी कुठं कुठं राहिले, देऊळ कोणत्या दिशेला होतं, दार कुठं होतं, हे सांगणारी वेगळी 'स्थानपोथी' झाली. ग्रंथ लिहायला सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या तयार झाल्या. बाहेरच्या अभ्यासकांना त्या थेट विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उलगडल्या.

गैरसमज नको. लीळाचरित्र हा श्रद्धेचा ग्रंथ आहे आणि मार्टिनची कादंबरी ही कादंबरी आहे. दोन्ही एका तागडीत मी घालत नाही. मी फक्त वाचायच्या रीतीबद्दल बोलतोय. शब्दाशब्दावर थांबणं, पाठभेद जपणं, जागा नकाशासारखी डोळ्यांपुढं आणणं, आणि हे सगळं एकट्यानं न करता मंडळीत बसून करणं, हे वऱ्हाडात सातशे वर्षांपूर्वी होत होतं. टॉल्कीन १९७३ साली गेला. त्याच्या मुलानं, ख्रिस्तोफरनं, बापाचे कागद लावण्यात पुढची कित्येक वर्षं घालवली आणि मध्य-पृथ्वीच्या इतिहासाचे १२ खंड काढले. आमच्याकडं त्याचं केवढं कौतुक! कौतुक करावंच. पण हिराइसाचं नाव शाळेत मला कुणी सांगितलं नव्हतं. ते मला या वादावादीच्या नादातच सापडलं.

चाहत्यांच्या या कामाची किंमत खुद्द लेखकांना कळते. एलिओ गार्सिया आणि लिंडा अँटन्सन हे मार्टिनचे चाहते. त्याच्या जगाचे तपशील त्यांनी इतके नीट लावले की २०१४ मध्ये 'द वर्ल्ड ऑफ आइस अँड फायर' हे पुस्तक मार्टिननं त्यांच्यासोबत लिहिलं. टॉल्कीनच्या भल्या राजाचं करधोरण काय होतं, असा टोला मार्टिननंच एकदा मारला होता. अकोटवालीचा ज्वारीचा प्रश्न त्याच जातीचा आहे. फरक इतकाच की मार्टिननं विचारला की ती जागतिक मुलाखत होते आणि तिनं विचारला की डब्यातली माणसं हसतात.

त्या माणसांत मीही होतो. म्हणून आता आमच्या पोट्ट्यांचीही थोडी खबर घेतो.

आपण काय करतो? कोणाचा ड्रॅगन मोठा, कोण कोणाला किती मिनिटांत मारेल, यावर तासन्‌तास घालवतो. ही कुस्तीची पैज झाली, यात वाचन कुठं आहे? विकीवरची पानं पाठ म्हणून दाखवतो आणि त्याला अभ्यास समजतो. आणि पात्रांवर बोलायची वेळ आली की आपली अक्कल उघडी पडते. नेडच्या दोन मुली, आर्या आणि सान्सा. आर्या तलवार घेते म्हणून ती सगळ्यांची लाडकी. सान्सा रडते, लाजते, शत्रूच्या घरात गोड बोलते, म्हणून ती नालायक. आमच्या डब्यातही तेच चाललं होतं. मीही तेच म्हणत होतो.

अकोटवालीनं विचारलं, "तुह्या मोठ्या बहिनीचं लग्न होऊन किती वर्षं झाले?"

मी म्हटलं, चार.

"ती सासरी पहिल्या वर्षी कशी बोलत होती, आठवते काय तुले?"

मला आठवत होतं. फोनवर ताई प्रत्येक वाक्याला 'सगळं चांगलं आहे' म्हणायची, कारण शेजारी कुणीतरी उभं असायचं. सान्सा तेच करते. मनाविरुद्धच्या घरात जीव वाचवण्यासाठी शब्द तोलून वापरते, रोज, न चुकता. तलवार न घेता जगणं हेही धाडस असतं, हे मला पाच पोरांच्या गप्पांत कळलं. आईनं, ताईनं ते माझ्यासमोर आयुष्यभर केलं, तेव्हा कळलं नाही. जे म्हणतात की फॅन्टसी माणसाला वास्तवापासून दूर पळवते, त्यांना माझा हा जबाब आहे. मला तर तिनं ओढून घरी आणलं.

दुसरी आपली खोट भाषेची. वाद आपण वऱ्हाडीत घालतो, पण कथा लिहायला बसलो की राजा प्रमाण मराठीत बोलतो, राणी थोडी संस्कृतात, आणि वऱ्हाडी उरते ती घोड्याच्या मोतद्दारासाठी किंवा दारूड्यासाठी. सिनेमानं आपली बोली हसण्यावारी नेली आणि आपणही तिला तिथंच बसवली. गाडगेबाबांनी याच बोलीत कीर्तनं केली, समोरच्या हजारोंना प्रश्न विचारून विचारून देवधर्माची झाडाझडती घेतली. त्या बोलीला राजदरबार झेपणार नाही, असं कुणी ठरवलं?

तिसरी खोट घाईची. 'आपलं पण गेम ऑफ थ्रोन्स पायजे' म्हणून आपण जे हाताला लागेल ते उचलतो. मेळघाटातल्या कोरकूंची उत्पत्तिकथा आहे, तिच्यात रावणाच्या विनंतीवरून महादेव मातीची माणसं घडवतो. एका मित्रानं ती वाचली आणि म्हणाला, "कडक लोअर आहे बे!" हे लोअर नाही. ती माणसं अजून तिथं राहतात, ती कथा त्यांची आहे, आणि ती कशी सांगायची हे आधी त्यांना विचारायला हवं. दुसऱ्याचा देव उचलून आपल्या कादंबरीत राक्षस म्हणून उभा करणं हे चोराचं काम.

मग आपलं काय आहे? पुष्कळ आहे. नरनाळा घ्या. अकोट तालुक्यातला किल्ला, आपण तिथं सहलीला जातो आणि फोटो काढून येतो. सोळाव्या शतकात वऱ्हाडात इमादशाही होती. तिचा शेवटचा सुलतान बुऱ्हाण हा पोरवयाचा. त्याचा कारभारी तुफालखान. त्यानं धन्यालाच नरनाळ्यावर कैदेत टाकलं आणि स्वतः राज्य करू लागला. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीनं वऱ्हाड जिंकलं, तेव्हा कैद करणारा आणि कैदेतला, दोघंही पकडले गेले.

यावर तलवारबाजी कुणीही लिहील. पण अकोटवालीसारखं वाचायला शिकलात तर प्रश्न वेगळे पडतात. कैदेतल्या राजाला जेवण कोण नेऊन द्यायचं? त्याला मुजरा करायचा की नाही, हे त्या माणसानं कसं ठरवलं? गडावरच्या तळ्यांचं पाणी उन्हाळ्यात आटलं की आधी कुणाचं बंद व्हायचं, पहारेकऱ्यांचं की कैद्याचं? पायथ्याच्या गावात शेतसारा कोणाच्या नावानं गोळा व्हायचा? या प्रश्नांची उत्तरं रचायला बसलात की जग आपोआप उभं राहतं. नकाशा आणि ड्रॅगन मागाहून आले तरी चालतात.

ज्वारीच्या प्रश्नाचं एक उत्तर तर आपल्याच इतिहासात आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालली, तिथला कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. रेल्वेचे रूळ वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचले. १८७० मध्ये खामगावच्या कापूस बाजारासाठी वेगळा फाटा निघाला. ज्वारीच्या रानात कपाशी आली. मग १८९९-१९०० चा दुष्काळ पडला, तेव्हा रूळ होते, बाजार होते, पण लोक उपाशी होते. ज्या रुळांवरून आमची शनिवारची पॅसेंजर जाते त्याच मार्गानं कापूस मुंबईला गेला. दूर देशातल्या युद्धानं आपल्या शेतातलं पीक बदलतं आणि तीस-पस्तीस वर्षांनी त्याची किंमत वेगळीच माणसं मोजतात. इतक्या लांबचा कार्यकारणभाव पकडायला ऐसपैस पट लागतो. तो महाकाव्य देतं किंवा असल्या जाडजूड फॅन्टसी मालिका देतात. आणि ते वाचायचा सराव या पोरांना आधीच झालेला आहे.

आता त्या ज्येष्ठांशी शेवटचं. सर, तुमचा हेतू वाईट नव्हता. शेतकऱ्याचं दुःख कुणीतरी लिहायला हवं, ही तुमची तळमळ खरी आहे. पळवाट म्हणून लिहिलेली फॅन्टसीही असते, पुष्कळ असते, आणि ती टुकार असते, हेही मान्य. पण त्या दिवशी तुमच्यापुढं शेतकऱ्याच्या पोरीनं पाण्यावरची मालकी, कर आणि उन्हाळा यांची गोष्ट वाचली. तिनं तुम्हाला हवी होती तीच गोष्ट दिली होती. तिच्यात एक राणी होती आणि ती राणी वऱ्हाडी बोलत होती, एवढ्यावरून ती तुम्हाला ओळखू आली नाही.

आणि तुला. तू आता अकोल्यात नोकरी करतेस, शनिवारची पॅसेंजर तुझी सुटली, आणि विचारलं की म्हणतेस, "सोड बे, पोरपन होतं ते." मी सोडत नाही. नदीच्या नावावर कर बसला होता आणि तुझ्या राणीनं एक नाव फुकट उच्चारलं होतं, तिथं तू थांबली होतीस. पुढं तिचं काय झालं, मला अजून माहीत नाही. मला ते वाचायचं आहे. त्या दिवशी टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी उभं राहून हेच म्हणायला पाहिजे होतं.